काळ्या पाण्याचं बुकिंग

आमच्या घरातल्या सहली व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच मोडतात. म्हणून या वेळी मी स्प्रेडशीट केली. चार माणसं, सहा दिवस, अंदमान. पहिल्या रकान्यात तारीख, मग ठिकाण, मग किती तास, मग खर्च. पहिला दिवस : पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल, २ तास. तिसरा दिवस : हॅवलॉक बेट, स्कूबा डायव्हिंग, अर्धा दिवस. शीटची लिंक ग्रुपवर टाकली आणि शुक्रवारी रात्री पुण्याहून संगमनेरला घरी गेलो.

घरात आजीला सोडून सगळ्यांनी शीट उघडून बघितली होती. आजीला मी मोबाईलवर निळ्या पाण्याचे फोटो दाखवले.

"हे कुठं आलं?"

"समुद्रात आहे आजी, लई लांब. जुनी माणसं काळं पाणी म्हणायची ना, तेच."

आजीनं मोबाईल खाली ठेवला. "आरं, काळ्या पाण्याला पैसं देऊन कोन जातं का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोपताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. माझ्या पिढीला अंदमान म्हणजे रील : फिरोजी पाणी, ड्रोन शॉट, मास्क लावून अंगठा आणि तर्जनी जुळवलेली पोज. माझ्या आजीला ते नाव शिव्याशापासारखं ऐकून माहीत आहे. मधे फार काळ गेलेला नाही, जेमतेम दोन पिढ्या. एखादी जागा शिक्षेची पॅकेजची कशी होते? शीटमधली एकेक ओळ घेऊन मी वाचत गेलो, आणि शीट बदलत गेली.

बेटांची नावं कुणाची?

आधी नावांपासून सुरुवात करू, कारण बुकिंग करताना पहिला गोंधळ तिथेच होतो. फेरीच्या साइटवर एकीकडे हॅवलॉक लिहिलेलं असतं, दुसरीकडे स्वराज द्वीप. ही दोन बेटं नाहीत, एकच आहे. ३० डिसेंबर २०१८ ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. आमच्या अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेही त्याच वर्षी, त्यामुळे जुनं नाव तोंडात आणि नवं नाव कागदावर ही कसरत आम्हाला नवी नाही.

पण हा हॅवलॉक होता कोण? सर हेन्री हॅवलॉक हा १८५७ चा उठाव मोडणारा ब्रिटिश सेनापती. कानपूर त्यानं परत घेतलं, लखनौच्या लढाईनंतर तिथेच नोव्हेंबर १८५७ मध्ये तो आजारानं मेला. आणि नील म्हणजे जेम्स नील. अलाहाबाद आणि कानपूर भागात त्यानं जे फाशीसत्र चालवलं त्यासाठीच तो ओळखला जातो.

आता पुढची तारीख बघा. १० मार्च १८५८. 'सेमिरामिस' नावाचं जहाज २०० कैदी घेऊन अंदमानला लागलं. त्यांत १८५७ च्या उठावात पकडलेले लोक होते. तुरुंगाचा प्रमुख डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर. उभा तुरुंग तिथे नव्हताच. दाट जंगल, पाऊस, मलेरिया, आणि बेड्या घातलेल्या माणसांच्या हातात जंगल तोडायची हत्यारं. कैदी पळत होते, पण पळून जाणार कुठे? चारी बाजूंनी समुद्र. पळून पुन्हा हाती लागलेल्या ८० हून अधिक कैद्यांना वॉकरनं फासावर चढवलं.

म्हणजे ज्यांना हरवलं त्यांना या बेटांवर आणून टाकलं, आणि ज्यांनी हरवलं त्यांची नावं शेजारच्या बेटांना दिली. स्कूबासाठी मी ज्या बेटाचं नाव शीटमध्ये सहज टाइप केलं होतं, ते नाव तिथे असं गेलं होतं.

बेटं रिकामीही नव्हती. ग्रेट अंदमानी लोक तिथे हजारो वर्षं राहत होते. १७ मे १८५९ ला त्यांनी या वसाहतीवर हल्ला केला. धनुष्यबाण एका बाजूला, बंदुका आणि जहाजावरच्या तोफा दुसऱ्या बाजूला. ॲबरडीनची लढाई म्हणतात ती हीच. त्यानंतर आलेल्या गोवर, देवी, उपदंश अशा रोगांनी त्यांची वस्ती इतकी खालावली की आज ग्रेट अंदमानी म्हणवणारे लोक शंभराच्या आत आहेत.

हे वाचून शीटमधली एक ओळ मी काढून टाकली. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा. तिथे जाणाऱ्या गाड्यांचा ताफा जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. खिडकीतून माणसं बघायला म्हणून ताफ्यात बसणारे पर्यटक कमी नाहीत. थांबायला, फोटो काढायला बंदी आहे हे खरं. पण आपण फोटो काढला नाही तरी आपली गाडी त्यांच्या घरातून गेलीच ना? बहीण म्हणाली, "मग त्या दिवशी काय करायचं?" मी म्हटलं, काही नाही, आणखी एक दिवस समुद्रावर बसू.

काळ्या पाण्याची भीती कमी पडली तेव्हा

काळं पाणी हा शब्द मला नेहमी सेल्युलर जेलचं दुसरं नाव वाटायचा. तसं नाही. शब्द जुना आहे, जेल नंतरचं. समुद्र ओलांडला की जात गेली, धर्म बुडाला, परत आलं तरी घरात घेणार नाहीत, ही भीती त्या शब्दात होती. कंपनी सरकारला ती नीट माहीत होती. माणसाला हजार-बाराशे किलोमीटर समुद्रापलीकडे नेऊन सोडायचं, म्हणजे गावात त्याचं नाव मेल्यात जमा. कोठडीपेक्षा अंतर हीच शिक्षा.

मग एक गोष्ट अशी घडली जी मला शाळेच्या पुस्तकात कधी भेटली नव्हती. वर्षं गेली तसे अंदमानात कैद्यांचे संसार उभे राहिले. काही वर्षं शिक्षा भोगली आणि वागणूक चांगली असली की स्वतःची शेती करायची मुभा मिळायची, लग्न करता यायचं. स्त्री कैदीही तिथे पाठवल्या जात. त्यांची मुलंबाळं तिथलीच झाली. 'लोकल बॉर्न' म्हणून ओळखला जाणारा समाज तो हाच. त्यांच्यात जातीपातीच्या गाठी सैल झाल्या, हिंदुस्तानी ही सगळ्यांची बोली झाली. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी पाहणी केली तेव्हा सरकारच्या लक्षात आलं की हिंदुस्थानातल्या तुरुंगांपेक्षा कैद्यांना अंदमान बरं वाटू लागलंय. काळ्या पाण्याचा धाक उरला नव्हता.

आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम ज्यासाठी बांधली होती ते काम ती करेनाशी झाली. मग सरकारनं काय केलं? नवं आर्किटेक्चर आणलं. आल्यावर पहिले काही महिने प्रत्येक कैद्याला एकट्यानं कोंडायचं. त्यासाठी १८९६ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १९०६ मध्ये सेल्युलर जेल पुरं झालं. नावातच सगळं आहे. तिथे बराकी नाहीत, फक्त कोठड्या. मधे मनोरा, मनोऱ्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या ७ इमारती, प्रत्येकी ३ मजले, एकूण ६९३ कोठड्या. प्रत्येक इमारतीची तोंडाची बाजू पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. त्यामुळे गजांतून बघितलं तर समोर फक्त भिंत. एका कोठडीतल्या माणसाला दुसऱ्या कोठडीतला माणूस दिसू नये, एवढ्यासाठी अख्ख्या इमारतीचा नकाशा बेतलेला.

मी कॉलेजात इंजिनियरिंग शिकलो तेव्हा चांगलं डिझाइन म्हणजे काय यावर दोन पेपर होते. हेतू पुरा करणारं डिझाइन चांगलं, असं आम्ही लिहायचो. हेतू काय आहे हे कुणी विचारलं नव्हतं.

समशेरपूरचा एक माणूस

सेल्युलर जेल म्हटलं की मराठी घरात सावरकर. ते तिथे ४ जुलै १९११ ला पोचले, 'महाराजा' जहाजानं, दोन जन्मठेपा मिळून ५० वर्षांची शिक्षा घेऊन. मोठे भाऊ बाबाराव आधीच तिथे होते. एकाच तुरुंगात दोन सख्खे भाऊ, आणि भेट होईना. १९२१ मध्ये दोघांना परत हिंदुस्थानातल्या तुरुंगांत हलवलं. सावरकरांचे अर्ज, सुटका, पुढचं राजकारण यावर आमच्याच घरात दोन पक्ष आहेत आणि जेवायला बसल्यावर तो विषय काढायचा नाही असा आईचा हुकूम आहे. म्हणून इथेही तो मी काढत नाही.

मला सांगायचंय ते दुसऱ्याच एकाचं. आमचं मूळ गाव अकोले तालुक्यात. अकोले म्हणजे नगर जिल्ह्याचं पश्चिम टोक : प्रवरा, भंडारदरा, रंधा धबधबा, भात, आणि जूनच्या तोंडावर काजवे बघायला येणारी पुण्या-मुंबईची गर्दी. याच तालुक्यातलं समशेरपूर हे वामन नारायण जोशी यांचं गाव. दाजी जोशी म्हणून त्यांना ओळखत.

२१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेनं गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, हे आपल्याला माहीत असतं. त्याच खटल्यात आणखी काहींना जन्मठेप झाली, त्यांत दाजी जोशी होते. समशेरपूरचा माणूस अंदमानला सेल्युलर जेलमध्ये पोचला.

मी नकाशावर बोट ठेवून बघितलं. समशेरपूरपासून समुद्र दिसत नाही, सह्याद्री आडवा आहे. डोंगरातल्या गावच्या त्या माणसाला मद्रासच्या बंदरातून पुढचं ते काळं पाणी बघून काय वाटलं असेल, हे मी लिहू शकत नाही. पण जेलमध्ये रोज काय व्हायचं ते लिहून ठेवलेलं आहे. काथ्या कुटायचा. नाहीतर कोलूला जुंपून घ्यायचं, बैलासारखं, आणि दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं. म्हणजे जवळजवळ साडेतेरा किलो. कमी भरलं तर शिक्षा. बंगालचा इंदुभूषण रॉय १९१२ मध्ये कोठडीत गळफास घेऊन गेला. उल्हासकर दत्तच्या मनाचा तोल गेला. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्र हे तिघे मेले. जबरदस्तीनं दूध पाजण्याच्या झटापटीत. पंजाब, बंगाल, संयुक्त प्रांत, महाराष्ट्र : तिथल्या संगमरवरावर नावांच्या रांगा आहेत. आपण साधारण एक नाव शोधतो, फोटो काढतो आणि निघतो.

आणि तरी त्या डिझाइनमध्ये एक बग होता. भिंत दोन कोठड्यांना सामायिक होती. कैद्यांनी टकटकीची लिपी बसवली. इतक्या टकटका म्हणजे हे अक्षर, इतक्या म्हणजे ते. दिसू नये म्हणून सगळं केलं होतं, ऐकू येणं राहून गेलं होतं.

शीटमध्ये मी '२ तास' खोडून 'पूर्ण दिवस' केलं. आई खूश झाली. तिनं पहिल्यापासून तेच मागितलं होतं.

विहीर आणि १२ मीटर

आता तिसऱ्या दिवसाकडे येऊ, कारण खरं सांगायचं तर अंदमान मी निवडलं ते स्कूबासाठी.

नगर जिल्ह्यात पोहणं समुद्रात शिकत नाहीत, विहिरीत शिकतात. मी आठ वर्षांचा असताना अण्णांनी माझ्या पाठीला रिकामा डबा बांधला, कमरेला कासरा बांधला आणि मामाच्या विहिरीत सोडलं. कासऱ्याचं दुसरं टोक त्यांच्या हातात. मी बुडायला लागलो की ते ओढायचे, तरंगायला लागलो की ढील द्यायचे. चौथ्या दिवशी डबा गेला. आठव्या दिवशी कासरा गेला. ते मला दोन महिन्यांनी कळलं, कारण कासरा सुटलाय हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतं.

नवशिक्यांच्या स्कूबाला पोहता आलंच पाहिजे असं नाही. १० वर्षांवरच्या कुणालाही करता येतं. आधी किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात सराव, मग प्रशिक्षकासोबत जास्तीत जास्त १२ मीटर खोल. समुद्रात दर १० मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर तुमच्या अंगावर वरच्यापेक्षा दुप्पट दाब असतो. कान दुखतात, म्हणून नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. आणि पहिला नियम : श्वास कधीही रोखायचा नाही. विहिरीत आम्ही नेमकं उलटं शिकलो होतो. खोलावर घेतलेला श्वास वर येताना फुगतो. तो कोंडला तर फुफ्फुसाला इजा होते.

दुसरा नियम मला जास्त आवडला. पाण्यात एकट्यानं जायचं नाही. त्याला बडी सिस्टीम म्हणतात. प्रत्येकाला एक जोडीदार. त्याची टाकी तुम्ही तपासायची, तुमची त्यानं. खाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा. अंगठा आणि तर्जनी जुळवली की 'मी ठीक'. पंजा आडवा हलवला की 'काहीतरी गडबड आहे'. तुमची हवा संपली तर जोडीदार आपल्या टाकीतली देतो. रीलमधली ती पोज पोज नाहीच, तो प्रश्न आहे आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

एकाच समुद्राच्या काठावर एक यंत्रणा अशी होती की माणसाला माणूस दिसू नये, आणि दुसरी अशी आहे की जोडीदार नजरेआड होऊ देऊ नये. हे दोन्ही एकाच शीटमध्ये, दोन दिवसांच्या अंतरानं आहेत.

१९४३

हे तंत्र आलं कुठून म्हणून बघायला गेलो, तर ते १९४३ मध्ये पोचलं. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. पेट्रोल मिळेना, म्हणून गाड्या गॅसवर चालवायचे. एमिल गान्यां नावाचा इंजिनियर त्या गाड्यांसाठी गॅसचा झडप-नियंत्रक बनवत होता. नौदलातला जाक कुस्तो त्याला भेटला. तीच झडप थोडी बदलली तर पाणबुड्याला लागेल तेवढीच हवा, लागेल तेव्हा देता येईल. त्या दोघांनी ॲक्वालंग बनवलं आणि १९४३ च्या जूनमध्ये कुस्तो दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात टाकी पाठीला लावून मोकळा पोहला. वर जहाजाला जोडलेली नळी नाही, काही नाही.

त्याच १९४३ मध्ये अंदमानात काय चाललं होतं? मार्च १९४२ पासून बेटं जपानच्या ताब्यात होती. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. शहीद आणि स्वराज ही नावं तेव्हाची, २०१८ ला फक्त पाट्यांवर आली. पण त्याच काळात हेरगिरीच्या संशयावरून स्थानिक लोकांचे हाल चालले होते. पोर्ट ब्लेअरचे डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाण सिंग यांना जपान्यांनी सेल्युलर जेलमध्येच कोंडून छळलं. जानेवारी १९४४ मध्ये ते गेले. त्यांचं टोपणनाव होतं 'कालेपाणी'. ज्या महिन्यात ते गेले त्याच महिन्याच्या ३० तारखेला हम्फ्रेगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. इंग्रज गेले होते, कोठड्या तिथेच होत्या.

आणि नगरात? माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर, भुईकोट किल्ल्यात, ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेसचे १२ नेते बंद होते. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी, आपले शंकरराव देव. सुरुवातीला वर्तमानपत्रं नाहीत, पत्रं नाहीत, ते कुठे आहेत हेही जाहीर नाही. एप्रिल १९४३ मध्ये आझादांची पत्नी कलकत्त्यात वारली तेव्हा आझाद नगरच्या किल्ल्यातच होते. ज्या मित्राला पोचणार नाहीत हे माहीत आहे, त्याच्या नावानं ते पत्रं लिहीत राहिले. त्यांचं पुढे 'गुबार-ए-खातिर' झालं. नेहरूंनी १९४४ मध्ये तिथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं.

त्याआधीही नगरात बाहेरचे कैदी होते. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात पकडलेले बोअर शेतकरी इंग्रजांनी जहाजांत भरून समुद्रापार आणले आणि त्यांतल्या काहींना नगरला ठेवलं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले जर्मन नागरिक उचलून नगरच्या छावणीत कोंडले, त्यांत मिशनरी आणि व्यापारी होते.

हे वाचून मी जरा वेळ थांबलो. आमचं नगर. जिथे मी दहावीच्या क्लासला एसटीनं जायचो, जिथली शेवभाजी मी पुण्यात मिस करतो. आफ्रिकेतल्या कुठल्यातरी शेतावरच्या आजीनं नकाशावर आमच्या गावाचं नाव बघून तेच म्हटलं असेल जे माझ्या आजीनं अंदमानबद्दल म्हटलं. तिच्यासाठी काळं पाणी म्हणजे नगर.

म्हणजे काळं पाणी हा अंदमानचा गुणधर्म नव्हता. पाणी तेव्हाही असंच फिरोजी होतं, राधानगरची वाळू अशीच पांढरी होती. एखाद्या सरकारला माणसं नजरेआड करायची असतात, तेव्हा ते एक जागा निवडतं, बेट असो की भुईकोट किल्ला. जागेला त्याचं काही नसतं. नंतर कुणी दुसरे तिथे येतात आणि त्याच जमिनीवर राहायला लागतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं हॅवलॉक आणि नीलवर वसवलं. राधानगर, गोविंदनगर, कृष्णनगर, विजयनगर ही गावं त्यांची. आपण ज्या बीचवर सूर्यास्त बघायला जातो त्याला त्यांनी आपल्या देवाचं नाव दिलंय. जेलच्या ७ इमारतींपैकी आता ३ उरल्या आहेत. आवारात १९६३ पासून हॉस्पिटल आहे, आणि ११ फेब्रुवारी १९७९ ला जेल राष्ट्रीय स्मारक झालं. तिथल्या बायका आज त्या आवारात बाळंत होतात.

आजीला मी हे सगळं सांगितलं. बोअरांचंही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्यांची मानसं परत गेली का?" बरेचसे गेले, म्हटलं. "आन् समशेरपूरचा?" तोही सुटला, असं वाचलंय. "मंग ठीक," म्हणाली.

शेवटची आवृत्ती

शीट आता अशी आहे, तुम्हालाही उपयोग होईल म्हणून देतो. पुण्याहून चेन्नई किंवा बंगळूरमार्गे विमान. पहिला दिवस पूर्ण सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथलाच ध्वनिप्रकाश कार्यक्रम. दुसरा दिवस रॉस बेट, साहेबांच्या बंगल्यांवर चढलेली वडाची मुळं बघायला. मग फेरीनं हॅवलॉक. घड्याळ आपलंच असलं तरी बेटं खूप पूर्वेला आहेत, डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. तेव्हा सगळं सकाळी लवकर. स्कूबा परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका. पाण्यातून आल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यायचे असतात, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. म्हणून आमचं स्कूबा तिसऱ्या दिवशी आणि विमान सहाव्या.

राहिला आरोग्याचा फॉर्म. दमा आहे का, हृदयविकार आहे का, बीपीच्या गोळ्या चालू आहेत का. अण्णा ५८ वर्षांचे आहेत आणि बीपीची गोळी सहा वर्षांपासून चालू आहे. मी त्यांना शेवटी सांगायचं ठरवलं होतं, पण त्यांनी फॉर्म स्वतःच उघडला.

"नाही लिही," म्हणाले.

"अण्णा, असं नाही लिहिता येत."

"मला पाण्याचं तू शिकवतो का?"

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, रिपोर्ट बघितले आणि नको म्हणाले. चालायला, पोहायला हरकत नाही, पण टाकी लावून खाली जायचं नाही. अण्णा गाडीत गप्प होते. ज्यांनी मला पाण्यात सोडलं त्यांना मी पाण्याबाहेर ठेवत होतो. घाटाखाली उतरल्यावर म्हणाले, "बोटीवर तर बसू देतील का?"

काल रात्री शीट शेवटची बघायला उघडली, पैसे भरायच्या आधी. तिसऱ्या दिवसाच्या ओळीत कुणीतरी नवा रकाना केला होता. माझ्या आणि बहिणीच्या नावापुढे 'खाली'. आईच्या नावापुढे 'किनाऱ्यावर, चहा'. आणि अण्णांच्या नावापुढे त्यांनी स्वतः टाइप केलं होतं : 'बोटीवर. कासरा धरून.'

मी बुकिंग केलं.